बायंगीचा नारळ

रावजीच्या खळ्यात त्या दिवशी मुंगीला शिरायला वाव नव्हता. आत्माराम भगताने नारळ दगडावर आपटला, तसं लालभडक पाणी उडालं आणि आतून केसांचा गुंता पडला.

"ही बायंगी," भगत घुमला. "भाऊबंदांनी मुंबयसून सोडलेली. नारळात कोंडलंय तिला."

बायंगी म्हणजे विकत मिळणारं भूत. मुंबईहून येताना त्याला एसटीत जागा कशी मिळाली, हे कोणी विचारलं नाही. शहाऐंशी साल उजाडलं तरी असले प्रश्न विचारायची आपल्याकडे रीत नव्हती.

भूत लागलं होतं रावजीच्या नातीला, नववीतल्या राहीला. दसऱ्यापासून तिने अन्न टाकलं, शाळा टाकली, झोप टाकली. बाप मुंबईत. आई गोदा तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेली, तर जंताच्या गोळ्या आणि टॉनिकची बाटली मिळाली. काय होतंय ते तिथल्या तेव्हाच्या डॉक्टरने आईला विचारलं, पोरीला नाही. मग भगताने मिरच्यांची धुरी दिली, वेताने फोडून काढलं. आणि आज राही शांत झाली होती, भाकरी खाऊन हसलीसुद्धा होती.

केंद्रात नव्याने आलेली डॉक्टर रझिया लशीचा डबा घेऊन वाडीत आली होती. गर्दी नारळाकडे बघत होती, ती राहीकडे. राही आपल्या रिबिनी आणि कंपासपेटी धाकट्या बहिणीला, चिमाला देत होती. "घे. मना नको आता."

"भूत गेला, हात मोकळा झाला पोरीचा," गोदा कौतुकाने म्हणाली.

रझियाला हे लक्षण बरं वाटलं नाही. तिने राहीला खळ्याच्या दगडी गडग्यापाशी नेऊन बसवलं. "सगळं देऊन का टाकतेस गो?" मग तिने आवाज खाली आणला. "जगू नये असं वाटतं?"

राही म्हणाली, "सगळी निजली की हिरीवर जायचाय. ठरवल्यावर बरा वाटला."

हा होता भगताचा चमत्कार. रझियाला संताप आला, भगताचा आणि त्या टॉनिकच्या बाटलीचाही. तिने गोदाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

भगत नारळाच्या करवंट्या पिशवीत घालत होता. रझियाने त्यातली शेंडीची उचलली. "रावजी आजोबा, हा नारळ तुमच्याच माडाचा ना?"

"आमचाच. भारून आणतो म्हणून भगत घरी घेऊन गेलेला."

"घरी काय भारलं ते बघा." तिने नारळाची शेंडी वर केली. खालचा एक डोळा मेणाने बुजवला होता. "इथून पाणी काढलं, कुंकवाचं पाणी नि केस घातले. शेंडीखाली कोण बघतो?"

"तुमी परधर्माच्या, तुमाला देवाचा काय कळणार?" भगत गुरकावला.

"देवाचं राहू द्या. मेण कोणी लावलं ते सांगा."

भगताने पिशवी तिथेच टाकली आणि पाणंदीची वाट धरली. लोक हसले. मग रावजीच म्हणाला, "म्हंजे पोरीला कायच झाला नव्हता. नाटका करीत होती." चार माना डोलल्या. आगीतून फुफाट्यात पडायला वेळ लागला नाही.

"ती आजारी आहे," रझिया म्हणाली. "हिवताप अंगाला येतो, तसा हा आजार मनाला येतो. पोरासोरांनाही येतो. त्याला औषध आहे, डॉक्टर आहेत. आजच तिला घेऊन रत्नागिरीला जाऊ, मीही येते. आणि तिच्याशी बोला, तिला विचारा. विचारल्याने कोणी विहिरीत जात नाही. कोणीच विचारत नाही, म्हणून पोरं जातात."

गोदा राहीजवळ जाऊन बसली. "बाय, काय व्हताय तुला?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिने लेकीला पहिल्यांदाच विचारला.

राही हुंदके देऊन रडायला लागली. मागून एक बाई कुजबुजली, "परत लागला वाटता."

"गप ऱ्हा," गोदा म्हणाली. "माझी पोर बोलतेय."