दोन दगडांची सरासरी

लॅबमध्ये तिला सगळे ‘मशीनबाई’ म्हणत. एकोणीस वर्षं ती एकाच यंत्रापुढे बसत होती. आकाशातून पडलेल्या दगडाचा घासून गुळगुळीत केलेला काप आत ठेवायचा, त्यातल्या खनिजाच्या एकेका कणावर किरण रोखायचा आणि लोखंड किती ते मोजायचं. आकडा अठराच्या आसपास आला तर दगड पहिल्या गटातला, चोविसाच्या आसपास मधल्या, तिसाच्या आसपास तिसऱ्या. शोधनिबंध छापून येताना नाव मात्र सरांचं. तिचं आभारात, शेवटून दुसरं.

त्या दिवशी सर हसत आले. “बाई, चहा तुमच्याकडून! सकाळीच नव्या दगडांची नोंद करणाऱ्या समितीला फॉर्म पाठवला. वर्गीकरण करणारी व्यक्ती म्हणून फक्त तुमचं नाव. आता तरी खूश?”

तिचा कानांवर विश्वास बसेना. सासूबाई कायम टोमणा मारत, “एवढा दगडांचा पंचनामा करतेस, तुझं नाव कुठंय?” तिने घाईघाईने फॉर्म उघडला. एक दगड, लोखंड चोवीस, मधला गट.

चोवीस? तिने एकाही कणात चोवीस मोजलं नव्हतं. डबीत दोन तुकडे आले होते. एकाच शेतात सापडले म्हणून सरांनी ते एकाच दगडाचे धरले होते. एकाचे सगळे कण अठराचे, दुसऱ्याचे तिसाचे. सरांनी फक्त तिच्या तक्त्याच्या तळाची सरासरी उचलली होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सर, हे दोन वेगळे दगड आहेत! माझ्या घरात ऐंशीच्या सासूबाई आहेत आणि चार वर्षांची नात. म्हणून काय बेचाळिशीच्या दोघी राहतात म्हणू?”

“तुम्ही आकडे काढा, अर्थ आम्ही लावू,” सर खुर्चीत रेलले. “इतकी वर्षं नाव नाव करत होतात, दिलं तर खोड काढताय. जाऊ द्या ना, कोण तपासतंय?”

“मी तपासलंय.”

“हे मागे घेतलंत तर माझी शोभा होईल. मग पुढे नाव विसरा.”

चूक कुणाचीही होते, ती तिने पोटात घातली असती. पण एकोणीस वर्षं तिच्या बरोबर आकड्यांवर स्वतःचं नाव टाकणाऱ्या माणसाने चुकीच्या आकड्यावर नेमकं तिचं टाकलं होतं. सरांच्या डोळ्यांदेखत तिने समितीला लिहिलं: ‘नोंद चुकली आहे. दगड दोन आहेत. मोजमापं जोडली आहेत. या नोंदीवरचं माझं नाव काढावं.’

सर दार आपटून निघून गेले.

दुपारी समितीचं उत्तर आलं. जुनी नोंद रद्द. दोन नवे फॉर्म भरा, वर्गीकरण कुणी केलं ते लिहा.

तिने दोन्ही फॉर्म उघडले आणि कुणालाही न विचारता स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. दोनदा. राग तरीही उतरला नव्हता.