कुंदाबाईंची खाट

चष्म्याचा काळा पट्टा नवलच्या कानामागे दुमडला गेला होता, तो नीट कर असं सांगावं म्हणून कुंदाबाई मघापासून शब्द जुळवत होत्या... तेवढ्यात त्याच्या शिक्षिका मेघा मॅडमनी तो सरळ केलासुद्धा. आभासी जग दाखवणाऱ्या त्या जाड चष्म्याने त्याचे डोळे पार झाकले, आणि नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाचा तो शिंदखेड्याचा उंच मुलगा जळगावच्या वर्गातून उठून थेट त्यांच्या खाटेवर जाऊन पडला. त्यांच्याच. दोन वर्षांपूर्वीची दवाखान्यातली ती खाट—वर फिरणारा पंखा, उशाशी डॉक्टर, आणि ते बोलताहेत ललितशी, त्यांच्या मुलाशी, त्यांच्या अंगावरून, जणू त्या नुसती चादर आहेत : "यांना आता काही समजत नाही."

समजत होतं! सगळं समजत होतं. एसटीत कंडक्टर असताना एरंडोल, पारोळा, धुळे अशी हाळी दिली की अख्खा स्टँड वळून बघायचा. तो आवाज मेंदूतल्या एका गुठळीने असा विस्कटला की पाणी मागायला जावं तर तोंडातून "तिकीट" निघायचं, आणि शेजारच्या खाटेवरचे हसू दाबायचे.

एकच शब्द हुकमी उरला होता. "नाही". मेघा मॅडमनी मुलांना शिकवायला हे सगळं चष्म्यात उतरवायचं ठरवलं, तेव्हा कुंदाबाईंनी त्या एका शब्दावर ते घडवून घेतलं. पंखा फार हळू—नाही. डॉक्टर रागीट—नाही, ते भलेच होते, फक्त माझ्याकडे बघत नव्हते. मागे रडकं संगीत—नाही, नाही! मॅडम चित्रं पुढे ठेवायच्या, खोडायच्या, पुन्हा करायच्या... हे मी केलंय. माझी कीव करून कोणी केलेलं नाही, मी केलंय—

"पाणी," नवल म्हणाला. चष्म्यातून त्याच्या कानात स्वतःचाच शब्द "तिकीट" असा ऐकू गेला असणार, कारण तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने. मग अगदी हळू. बाकांवर खिदळणाऱ्या मुली पुढे झुकून बघू लागल्या. डॉक्टरांची बाही धरायला त्याचा हात उठला आणि वर्गातल्या रिकाम्या हवेत चाचपडत राहिला. कुंदाबाई खुर्चीत ताठ बसल्या.

चष्मा निघाल्यावर त्याने चेहरा पुसला, आणि मॅडमकडे न जाता तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "माय, तुले तवय काय सांगनं व्हतं?"

"आईला पाणी हवं—" शेजारी बसलेल्या ललितने सवयीने उत्तर दिलं.

"थांबा ना भाऊ. मायले सांगू द्या."

ललित थांबला.

पाणी? पाणी तर नंतर मिळालंच होतं. सांगायचं होतं ते यालाच, ललितला... डॉक्टर गेल्यावर भिंतीकडे तोंड करून रडत होता हा, एवढा मोठा बाप्या, आणि आईला काही कळत नाही असं धरून आवाजही लपवत नव्हता. अजून त्याला ठाऊक नाही की आईने ऐकलं होतं.

शब्द दूर होता. पण तो हुकला तर, भलताच निघाला तर—ही रोजची धडधड आज छातीत नव्हती. सगळे थांबलेत; थांबू देत. कुंदाबाईंनी ललितकडे पाहिलं, आणि अजिबात घाई न करता शोधू लागल्या.