वाघखारची वेटिंग रूम

वाघखारच्या बंद पडलेल्या स्टेशनात कॅफे उघडणार होता आणि फीत कापायला करंजा गावच्या सोनाबाई कोळणीला बोलावलं होतं. तीस वर्षं तिने याच स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीने मासळीची टोपली पनवेलला नेली होती. गाडी बंद झाली, रूळ उचलले, तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. आता पुतण्या मिथुनच्या रिक्षातून ती पाहुणी म्हणून उतरली.

कॅफेचा मालक सत्यजीत पनवेलचा. अंगात कोराकरकरीत खादीचा कुर्ता, पायात कोल्हापुरी. हौशी नाटकातला पुढारी शोभला असता. "आजी, या! हे आपलं हेरिटेज," म्हणत त्याने तिला जुन्या वेटिंग रूममध्ये नेलं. भिंतीवर फलक होता: 'इथे कोळी भगिनी गाडीची वाट पाहत विसावत.' खाली एक रंगवलेली रिकामी टोपली. "ही डोक्यावर घ्या ना, एक फोटो!"

सोनाबाईने फलक मिथुनकडून वाचून घेतला.

"कोन विसावत होतं? टेसनमास्तर आमाला उंबऱ्यावर पाय ठेवू देत नव्हता. वास येतो म्हनायचा. माझी जाऊ शशिकला भर उन्हात कळा देत होती, तरी दार नाय उघडलं. मालधक्क्यामागं आमी लुगड्यांचा आडोसा धरला. ह्यो मिथुन तितंच जल्मला."

तिला वाटलं, आता तरी हा मान खाली घालेल. सत्यजीतचे डोळे चमकले.

"वॉव! चारुता, ऐकलंस? प्लॅटफॉर्म बेबी! हे बोर्डवर हवंच!"

त्याच्या बायकोने लगेच मोबाइल मिथुनच्या तोंडासमोर धरला. "दादा, थोडं इमोशनल बोला ना."

पंचेचाळिशीचा मिथुन ओशाळून हसायला लागला. सोनाबाईला शिसारी आली. तो मास्तर निदान तोंडावर दार लावायचा. हे आत बोलावतात आणि माणसाचं लोणचं घालून बरणी फळीवर मांडतात.

तिने टोपली उचलून चारुताच्या डोक्यावर ठेवली. "तुझाच काढ फोटू. तुझ्या अंगाला वास नाय येत."

"आजी, फीत?" सत्यजीत मागे धावला. ती वळली नाही.

फीत शेवटी चारुताने कापली. आठवडाभराने सत्यजीतचा मिथुनला फोन आला: नव्या फलकासाठी शशिकलाचा फोटो मिळेल का? कधी कुणाला अरेतुरेही न केलेल्या मिथुनने त्याला कचकचीत शिवी हासडली.

अंगणात बोंबील वाळत घालणारी सोनाबाई तिथूनच ओरडली, "आनखी एक घाल!"