रिपोर्टात नसलेले दांडे

दुकानातल्या कॉम्प्युटरशी वहिनींचं जमलं ते भांडून भांडून. शिकवायला कुणी नव्हतंच. दर महिन्याला खरेदीवरच्या कराचा रिपोर्ट काढायचा, एक्सेलमध्ये एक्सपोर्ट करायचा आणि कर सल्लागाराला धाडायचा, एवढं त्या आता डोळे मिटून करत.

नवरा गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर घरी बसला आणि अवजारांच्या दुकानाची खरेदी धाकट्या दिराकडे आली.

"वहिनी, माल देणाऱ्यांची यादी द्या. नावं, फोन, सगळं."

वहिनींनी तीच एक्सपोर्ट केलेली फाईल पाठवली. "घ्या भाऊजी, सगळे आहेत यात."

सगळे नव्हते. बिलावर कर लावणारे तेवढे होते. हातोड्यांचे दांडे करून देणाऱ्या कातारी मामांचं काम इतकं लहान, की त्यांच्या बिलावर कर नसायचाच. मग त्या रिपोर्टात त्यांची ओळ कुठून येणार? वहिनींना हे पक्कं ठाऊक होतं. ऐन वेळी आठवलं नाही, झालं.

थंडी सरता सरता एक गवंडी तणतणत आला. "हा दांडा हातात फिरतो हो! आधीचे कुठे गेले?"

वहिनींनी दिराकडे पाहिलं. "मामांकडून नाही घेतले?"

"कोण मामा? यादीत कुणी मामा नाही. मी कारखान्यातून मागवतो."

वहिनी तशाच उठल्या. मामांची शेड झाडून लख्ख केलेली होती. एरवी तिथे घोटाभर भुसा. लेथ मशीनच्या जागी जमिनीत बोल्टांची भोकं राहिली होती.

"ये! वाट चुकलीस वाटतं?"

"मामा, मशीन?"

"विकलं. म्हटलं, आता धाकटा बघतो, त्याला नवं काहीतरी हवं असेल."

"अहो, एक फोन करायचात!"

"फोन तुझा नवरा करायचा गं. काम मागायची मला सवय नाही."

"चूक माझी आहे मामा. त्या रिपोर्टात तुम्ही येतच नाही."

"रिपोर्टात नाही, कबूल. तुझ्या डोक्यात तर होतो?"

मामांनीच मग विषय बदलला. दारामागून एक काठी काढली. मूठ तळव्यात अलगद बसेल अशी. "गुडघ्यांचं कळलं होतं. मशीन जाण्याआधी शेवटची ही केली. कुणी आलं तर देऊ, म्हणून ठेवली."

घरी नवऱ्याने मुठीवरून अंगठा फिरवला आणि चेहरा खुलला त्याचा. "मामांचा हात! बरं झालं गेलीस. त्यांना सांग, या खेपेला दांडे जरा जास्त लागतील."

वहिनी दाराशी वाकल्या आणि त्याच्या चपला सरळ करत बसल्या. बराच वेळ.