पोपटानं सांगितलेलं वय

घरात सगळे तिला पोपट म्हणत. सीमा ओलांडून आल्यावर नवी भाषा सगळ्यात आधी तिच्याच जिभेवर बसली. मग काय! दवाखाना असो, घरमालक असो, पोपटाला शाळेतून उचलायचं आणि पुढे उभं करायचं, हा घरचा रिवाजच झाला. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंसुद्धा. एवढी मोठमोठी माणसं तिच्या तोंडाकडे बघत बसायची!

त्या शनिवारी विद्यापीठातल्या संशोधक बाई आल्या. सीमेच्या कायद्यांमुळे घराघरांत काय होतं, यावर त्यांचा अभ्यास चालला होता. खोलीत दोन खाटा आणि दोरीवर बाबांचे धुलाई कारखान्यातले ओले हातमोजे. आई उत्तरं देत होती, पोपट भराभर बाईंना सांगत होती.

"थोरलीला दिली म्हणून राहायला मिळालं. जावई इथला कायमचा. इथल्याला मुलगी दिली की आईबापांना दोन वर्षांचा परवाना. आमच्यात सगळे तेच करतात."

"तेव्हा वय काय तिचं?"

"सोळा. कागदावर अठरा."

"भेटायला येते?"

आईनं चादरीची सुरकुती सारखी केली. "तो पाठवत नाही. मागे हात मोडला होता म्हणे तिचा."

पोपटानं तेही सांगितलं.

"परवाना कधी संपतो?"

"पुढच्या महिन्यात. पण घोर नाही. जावयाच्या भावाशी हिचं ठरवलंय."

अर्धं वाक्य सांगून पोपटानं बाईंचा हात धरला. "बाई, माझंच ठरवलंय हो! मी पंधराची आहे!"

बाईंनी हात सोडवून घेत वहीचं पान उलटलं. "वाईट वाटतं गं. पण आम्ही फक्त नोंद करतो, मध्ये पडत नाही. बरं, पुढचा प्रश्न."

बुधवारी परवाना कचेरीत बाबांनी तिचा दंड आवळला. "अठरा म्हणायचं. नाहीतर सगळं चंबूगबाळं सीमेपलीकडे. आणि तिकडे आपलं काय उरलंय? राख!"

शेजारी नवरदेव दात कोरत होता. "फार बोलते ही. लग्नानंतर करू बंद."

खिडकीतून अधिकाऱ्यानं विचारलं, "मुलीचं वय?"

"पंधरा," पोपट म्हणाली. "आणि माझ्या ताईचं सोळा होतं."

ताईचं काय झालं, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. अर्जावर फुली मारली. "खोटी माहिती. तीस दिवसांत देश सोडायचा. सांग त्यांना."

आता हेही तिनंच सांगायचं! तिनं सांगितलं, एक शब्द न गाळता.

"जन्मल्या जन्मल्या हिचं नरडं दाबायला हवं होतं," बाबा म्हणाले.

"काय म्हणतात?" अधिकाऱ्यानं तिला विचारलं.

आजवर दुसऱ्याच्या बोलण्यात तिनं पदरचा शब्द घातला नव्हता. गालांवरून पाणी ओघळत होतं, आवाज मात्र खणखणीत.

"बाबा विचारतात, पोरगी दिली तर परवाना, नाही दिली तर हद्दपारी, हा नियम लिहिणाऱ्याच्या घरात मुलगी नव्हती का?"

"पुढचे!" अधिकारी ओरडला.

रांगेतून एक आई, एक बाप आणि दोन वेण्या घातलेली एक पोर पुढे सरकली. पोपट खिडकीपासून हलली नाही.

"तुझं खरं वय किती गं?" तिनं विचारलं.