भोंग्यानंतर सहा मिनिटांनी

"चौदावा प्रश्न परत वाचते, काका," शुभदा म्हणाली. "इशारा झाला तेव्हा मृत व्यक्ती कुठे होती?"

उत्तर द्यायच्या ऐवजी दत्तराव ग्रामपंचायतीच्या ओट्यावरून उठले आणि समोरच्या टपरीवर हात करून चहा सांगितला. सकाळपासून ही तिसरी खेप होती. शुभदा परभणीहून बोरीपर्यंत एसटीने आणि तिथून कवठ्यापर्यंत काळीपिवळीत चेपून आलेली. तिच्या पोटात आता चहाशिवाय काही नव्हतं.

"काका, चहा पुरे."

"घ्या की. आमच्या गावात चहाला न्हाई म्हणत न्हाईत."

दत्तराव कवठ्याच्या ग्रामपंचायतीत सव्वीस वर्षं शिपाई होते. नळाला पाणी सोडणं, नोटिसा वाटणं, झेंडा चढवणं, उतरवणं आणि माइकवरून पुकारा करणं ही त्यांची कामं. लसीकरणाच्या बाई आल्या, रेशनचा गहू आला, कुणाची शेळी हरवली, सगळं आधी दत्तरावांच्या घशातून बाहेर यायचं आणि मग गावात पसरायचं. माणूस सरळ, कामाला चोख. दोन वर्षांपूर्वी वीज पडण्याच्या इशाऱ्यावर संशोधन करणारी मंडळी आली, तेव्हा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसवलेल्या भोंग्याची किल्ली त्यांच्याकडेच आली, यात कुणाला नवल वाटलं नाही.

संशोधन कागदावर सोपं होतं. बारा गावांत भोंगे. ढग जमले की मंडळींनी दत्तरावांना दिलेल्या वेगळ्या फोनवर संदेश यायचा. त्यांनी लाल बटण दाबायचं, भोंगा तीनदा लांब वाजायचा, लोकांनी घरात बसायचं. तरीही कुणी विजेने दगावलं, तर ते का दगावलं, याची चौकशी करून प्रश्नावली भरायची. गेल्या दोन वर्षांत बारा गावांत एकच माणूस दगावला. तो कवठ्यातला होता, आणि ती दत्तरावांची बायको होती, सरजाबाई.

गेल्या वर्षी चौदाव्या प्रश्नापुढे दत्तरावांनी सांगितलं होतं, "शेतात. भोंगा ऐकू आला न्हाई." गावानेही तेच धरलं. अहवालाचा कच्चा मसुदा तयार झाला, त्यात शिफारस होती की भोंग्याचा आवाज वाढवावा, शिवाराच्या अंगाला आणखी एक भोंगा लावावा.

पण त्या मंडळींतल्या शुभदाला ते पटत नव्हतं.

"तुमच्या शेताशेजारी त्या दिवशी दोघं काम करत होते," ती म्हणाली. "दोघांनीही भोंगा ऐकलाय. वारा गावाकडून शिवाराकडे होता. मग सरजाबाईंनाच कसा ऐकू आला नाही?"

"तिला जरासक कमी ऐकू यायचं."

हे धडधडीत खोटं होतं. सरजाबाईला तीन घरं पलीकडे उतू चाललेलं दूध ऐकू यायचं, आणि ती आपल्या घरातूनच ओरडून सांगायची. दत्तरावांनी मान खाली घालून चहाची बशी तोंडाला लावली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. संदेश आला होता. पुढच्या पाऊण तासात जोराच्या विजा.

एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. ऑक्टोबरचे दिवस. सोयाबीन काढून झालेलं, मळणीयंत्राचा नंबर लागलेला नाही, म्हणून शेताशेतात सोयाबीनच्या सुड्या रचलेल्या. गाव मात्र घरी होतं, जेवायच्या वेळेला. जिंतूरच्या बाजूने आभाळ काळं होऊन वर सरकत होतं.

दत्तराव आत गेले. करगोट्याला बांधलेली किल्ली सोडून त्यांनी भिंतीवरची पेटी उघडली, बोट बटणापर्यंत नेलं आणि तिथेच थांबले.

"काका?" शुभदा मागून म्हणाली. "दाबा ना."

दत्तरावांनी खिडकीकडे मान केली. समोरच्या घराच्या दारात कमलबाई उभी होती. काखेत ताडपत्रीची गुंडाळी, पायांत चपला, पदर खोचलेला. ती आभाळाकडे बघत नव्हती. ती ग्रामपंचायतीच्या गच्चीकडे, भोंग्याकडे बघत होती.

"ती बघा," दत्तराव म्हणाले. "भोंग्याची वाट बघायलीय."

"मग? वाजवा, म्हणजे घरात जाईल."

"घरात न्हाई जात, ताई. पयले आभाळ आलं की लोक अंदाज करायचे. येतंय का न्हाई, बघू म्हणायचे. आता भोंगा वाजला की नक्की झालं. नक्की झालं की गाव सुडी झाकाया पळतंय. घरातलं माणूस उठून शिवारात जातंय."

शुभदाने हातातले कागद चाळले. तिच्या प्रश्नावलीत तीस प्रश्न होते. भोंगा ऐकू आला का, कळला का, विश्वास बसला का, हे सगळं त्यात होतं. भोंगा ऐकून कुणी उठून बाहेर पळालं का, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

न दाबून चालण्यासारखं नव्हतं. शिवारात गुरं घेऊन गेलेली माणसं होती, कापसात दोन-चार बाया होत्या. दत्तरावांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं. भोंगा तीनदा वाजला. डोळे उघडले तेव्हा कमलबाई निघाली होती, आणि तिच्या पुढे-मागे चार-पाच दारांतून चार-पाच ताडपत्र्या निघाल्या होत्या.

दत्तरावांनी माइक ओढला.

"ऐका. दत्तराव बोलायलोय. सुड्या राहू द्या. घरात हायेत त्यांनी घरातच बसा. शिवारात हायेत त्यांनी झाडाखाली थांबू नका."

कमलबाईने मागे न बघता हात हलवला. आलेच, असा तो हात होता. सव्वीस वर्षं ज्याच्या पुकाऱ्यावर गावाने नळ भरले आणि लसी टोचून घेतल्या, त्याचं आज कुणी ऐकत नव्हतं. वर्षभराचं पीक उघड्यावर असताना ऐकणार तरी कोण.

मग दत्तरावांचा आवाज बदलला.

"कमलबाई, थांब. माझं ऐकून जा. मागल्या साली म्या खोटं सांगितलं. सरजा शेतात नव्हती. घरी होती. भोंगा तिनं ऐकला. ऐकून मला फोन केला. म्हणली, भोंगा खरा हाय का? म्या म्हणलं, खरा हाय. म्हणली, मंग जाते, सुडी झाकून येते."

माइक घूं करून राहिला. विहिरीजवळ कमलबाईची पावलं मंद झाली.

"आन् म्या तिला थांब म्हणलो न्हाई. माझ्याबी डोळ्याम्होरं सुडीच होती. म्या म्हणलं, बरं, लवकर ये."

कमलबाई उभी राहिली. काखेतली ताडपत्री खाली पडली. तिने ती उचलली, झटकली आणि घराकडे वळली. तिच्या मागोमाग बाकीचेही वळले. कुणी धावत नव्हतं. दत्तराव खुर्चीवर बसले. माइक बंद करायचं त्यांना सुचलं नाही, म्हणून पुढची दोन-तीन मिनिटं सगळ्या कवठ्याने आपल्या शिपायाचा श्वास ऐकला. शेवटी शुभदाने बटण फिरवलं.

वीस मिनिटं आभाळ नुसतं फुटत होतं. एक वीज ओढ्यापलीकडे पडली, तेव्हा ग्रामपंचायतीच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. मग पाऊस आला, उतरला, आणि ऊन पडलं. माणूस दगावलं नाही, जनावर दगावलं नाही. सुड्या मात्र खालपर्यंत भिजल्या.

चारच्या सुमाराला कमलबाई ओट्यावर येऊन टेकली.

"माझी सुडी भिजली, भाऊजी. अर्धं सोयाबीन काळं पडंल."

"व्हय."

"घरधनी तोंड फुगवून बसलेत."

"उद्या येतो म्या. उकलून वाळाया टाकू."

कमलबाई थोडा वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "सालभर कामून न्हाई सांगितलं आमाला?"

"सांगितलं असतं तर तुमी म्हणला असता, नवऱ्यानंच धाडली."

"म्हणलो असतो," कमलबाई म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे. "म्हणलो असतो, आन् भाकरबी आणून दिली असती."

दत्तरावांना हसू आलं आणि रडूही. दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना ठसका लागला, तेव्हा कमलबाईच आत जाऊन माठातलं पाणी घेऊन आली.

शुभदाची शेवटची एसटी बोरीहून सहाला होती. तिने कागद पिशवीत भरले, पुन्हा बाहेर काढले.

"काका, अहवाल बदलावा लागेल. आवाज वाढवून काही होणार नाही. पहिला इशारा सकाळीच द्यायला हवा, सुड्या झाकून ठेवा म्हणून. दुसरा फक्त घरात बसायचा. पण नुसतं सांगून वरचे लोक मानणार नाहीत. त्या दिवशीची वेळ नक्की सांगता येईल? भोंगा किती वाजता झाला ते तुमच्या वहीत आहे, एक शेहेचाळीस. त्यांचा फोन कितीला आला?"

"चला घरी," दत्तराव म्हणाले.

घर दोन खोल्यांचं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली सरजाबाईचा फोटो. पत्र्याच्या पेटीत वरच एक पांढरी साडी होती, घडीही न मोडलेली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नेसायची म्हणून तिने परभणीहून आणली होती आणि त्याच्या पाच दिवस आधी ती गेली. त्या साडीखालून दत्तरावांनी स्वतःचा बटणाचा जुना फोन काढला.

"ह्याच्यात सिम न्हाई," ते म्हणाले. "तिच्या मागून चार दिसांनी काढून ठिवलं. ह्याच्यात आलेले फोन वीसच राहतेत. नवा आला की जुना खाली जातो, शेवटचा पुसून जातो. तिचा पुसला असता."

"आणि बॅटरी?"

"रोज सांजच्याला लावतो. कधी पुरी उतरू दिली न्हाई."

त्यांनी बटण दाबलं. इवलासा पडदा उजळला. आलेल्या फोनांच्या यादीत सगळ्यात वर नाव होतं, सरजा. त्याआधी आलेले बाकीचे सगळे तिच्या खाली होते. चार दिवसांत आलेल्या सांत्वनाच्या फोनांपैकी त्यांनी एकही उचलला नव्हता, ते सगळे न घेतलेल्यांच्या यादीत वेगळे पडले होते.

वेळ एक बावन्न. बोलणं एक्केचाळीस सेकंद.

शुभदाने लिहून घेतलं. एक शेहेचाळीस, एक बावन्न. भोंग्यानंतर सहा मिनिटांनी ती या घरात, चुलीपाशी, धडधाकट उभी होती. वर्षभर सगळी मंडळी जे शोधत होती ते या पेटीत, साडीखाली होतं.

"फोटो घेऊ याचा?"

दत्तरावांनी शर्टाच्या बाहीने पडदा पुसून दिला. शुभदाने फोटो घेतला. मग तिने चौदाव्या प्रश्नापुढचं जुनं उत्तर खोडून लिहिलं, घरी. पंधरावा प्रश्न होता, इशारा ऐकल्यावर मृत व्यक्तीने काय केले? ती थांबली.

"काय काय बोलणं झालं, काका? सांगावंसं वाटत असेल तरच."

"तेच की. भोंगा खरा हाय का. खरा हाय. मंग जाते, सुडी झाकून येते. डाळ उतरवून ठिवलीय, भाकरी दुरडीत हायेत, मला उशीर झाला तर खाऊन घ्या. म्या म्हणलं, बरं, लवकर ये."

शुभदा लिहीत होती. दत्तराव फोनकडे बघत होते.

"हे समदं मी बोलून बघितलंय, ताई. घड्याळ म्होरं ठिवून. तिचंबी बोलतो, माझंबी बोलतो. हळू बोललं, मधी दम घेतला, तरी तीस सेकंदाच्या वर जात न्हाई." त्यांनी बोटांनी पडद्याच्या कडा धरल्या. "अकरा उरतात. त्यात ती आणिक काय बोलली, ते काय केल्या याद येईना."

बाहेर कुणीतरी भिजलेली ताडपत्री झटकत होतं.

पडद्याचा उजेड गेला. दत्तरावांनी बटण दाबून तो परत आणला.