शोधकट्ट्यावरची रोशनी

"माझ्या लेखात चूक सापडते का कुणाला?"

"हिंमत असन तर हे विचारून दाखव!" अशी पैज डिंपलने लावली, आणि तिच्या वर्गातल्या रोशनीने माझी बटणे धडाधड बडवून ते विचारलेसुद्धा. साऱ्या जगाला!

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नागपूरच्या एका कचेरीत मी वर्षानुवर्षे पगारपत्रके केली. नवे यंत्र आले, तसा मी नागभीडला देवरावभाऊंच्या सायबर कॅफेत येऊन पडलो. इथली पोरे माझ्यावर गाड्यांच्या शर्यती खेळत आणि मी जरा अडखळलो की पाठीत धपाटे घालत. रोशनी मात्र आधी ओढणीने माझा पडदा पुसायची.

तिच्यामुळेच मला 'शोधकट्टा' दिसला. काय जागा ती! कुणीही आपले संशोधन तिथे मांडावे, जाणत्यांनी वाचून सगळ्यांदेखत शेरा लिहावा. प्राध्यापक आणि दहावीतली पोर एकाच रांगेत! टेलिफोनच्या तारेतून ते पान हळूहळू उतरायचे आणि माझा पंखा आनंदाने घरघरायचा.

रोशनीचे वडील मनसारामभाऊ ढिवर आहेत, तळ्यात मासे धरतात. त्यांच्या जाळ्यातले मासे वर्षभर मोजून तिने कट्ट्यावर लेख टाकला होता, 'आमच्या तळ्यातली पिल्ले संपली.' हाच लेख जिल्हा विज्ञान प्रदर्शनात जाणार होता. शाळेतल्या सरांनी तिचे नावही कळवले होते.

बाजाराच्या दिवशी उत्तर आले. रत्नागिरीच्या एका संशोधक बाईंनी लिहिले होते, "मांडणी सुरेख! एकच सांग, जाळ्याची भोके केवढी होती?"

रोशनी लेख पुन्हा चाळू लागली. तेवढ्यात मासे विकून आईबाबा तिला न्यायला आले.

"बाबा, आपल्या जाळ्यात पिल्लं काऊन येत नाई?"

"कशी येतीन? मच्छीमार संस्थेनंच मोठ्या भोकाचं जाळं ठरवलं ना! पिल्लं निसटाले पाह्यजे, वाढाले पाह्यजे."

रोशनीची आई वच्छलाबाई खो खो हसल्या. "ढिवराची पोरगी ना वं तू? एवढंबी समजलं नाई तुले?"

डिंपल कुजबुजली, "राहू दे न वं. प्रदर्शनवाल्याइले का समजते!"

रोशनीचे कान लाल झाले. मग एकदम तिचा चेहरा फुलला. "कुठी रत्नागिरी, कुठी आपलं तळं! त्या बाईनं माहा लेख किती मन लावून वाचला, पाह्य!"

तिने टाइप केले, 'चूक सापडली. आभार! लेख मागे घेते.' मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहिली तरी चालेल, पण असा कट्टा जपा हो!

रोशनी खुर्चीवरून उठली.

"आई, बाबा, यंदा मी प्रदर्शनात जात नाई. बारीक जाळ्यानं पिल्लं मोजीन, पाण्यात परत सोडीन, अन् मंगच लिहीन. संस्थेची परवानगी तुमी मागा नाईतर मी मागीन!"